दर बांधा, पण हिशेब मांडून

फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातील स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली आणि लाखाच्या घरात विकला जाणारा औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. सरकारने मनावर घेतले तर दर उतरतात, हे सिद्ध झाले. पण एका वस्तूला लगाम घालून भागत नाही, हेही वर्षभरातच कळले. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे, सिरिंजसारख्या किरकोळ वस्तू आणि तपासण्या यांवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे आढळले.

मग सर्वच उपचारांचे दर सरकारने बांधून द्यावेत का? या मागणीत तथ्य आहे. रुग्ण घासाघीस करू शकत नाही. वडील अतिदक्षता विभागात असताना ‘आधी डिपॉझिट भरा’ असे ऐकणारा मुलगा दुसरीकडचा भाव विचारायला जात नाही. तो आईच्या पाटल्या घेऊन पतसंस्था गाठतो.

रुग्णालयांची बाजूही ऐकायला हवी. जागा, यंत्रांच्या कर्जाचे हप्ते, चोवीस तास राबणाऱ्या परिचारिकांचे पगार हे खर्च खरे आहेत. महाराष्ट्र सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील दर परवडत नाहीत आणि तेही पैसे रखडतात, ही तक्रार उडवून लावता येणार नाही. अवाजवी कमी दर लादले तर मोठ्या साखळ्या तग धरतील, तालुक्याच्या गावातले वीस खाटांचे रुग्णालय मात्र बंद पडेल. तोटा पुन्हा रुग्णाचाच.

म्हणून दर जरूर बांधावेत, पण वस्तूगणिक नव्हे. नेहमीच्या शस्त्रक्रियांचा खरा खर्च मांडून, शहर आणि गाव यांतला फरक धरून एकत्रित दर ठरावेत. त्याचबरोबर सरकारने आपली देणी मुदतीत चुकवावीत. दर्शनी भागात दरपत्रक लावण्याचा राज्याचा २०२१ चा नियम आणि धर्मादाय रुग्णालयांतील गरिबांसाठीच्या दहा टक्के मोफत व दहा टक्के सवलतीच्या खाटा यांची तपासणी नियमित व्हावी.

तरीही खासगी दरांना खरा आळा घालते ते शेजारचे चांगले सरकारी रुग्णालय. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के सरकारी आरोग्यखर्चाचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्केच होता. त्या वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के रक्कम कुटुंबांनी थेट खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा आहे. पण अजूनही तो फार मोठा आहे. आजारपणाचा खर्च शेवटी जनताच भरते. तो सर्वांनी मिळून करातून आधी भरावा की आजारी माणसाच्या घराने ऐनवेळी एकट्याने, एवढाच निर्णय सरकारच्या हाती असतो. तो दरवर्षी अर्थसंकल्पात होतो, आणि मतदाराने जाब विचारायचा तो तिथेच.