मताची खूण

निवडणुकीत मते बाद झाली, की दोष अडाणी माणसाच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती न्याय्य वाटत नाही.

1951-52 साली आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले होते. हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकली, की मत झाले. पुढे एकाच पत्रिकेवर सर्व नावे व चिन्हे आली आणि मतदाराच्या हाती बाणाकृती फुलीचा रबरी शिक्का आला. हा शिक्का मोठ्या विचाराने घडवलेला होता. घडी केल्यावर ओली शाई दुसऱ्या नावावर उमटली, तरी तो ठसा उलटा पडे. त्यामुळे खरी खूण कोणती, हे मोजणाऱ्यास कळे.

आता नागभीडच्या केंद्रावर विधानसभेसाठी यंत्राची कळ दाबावी लागते. कागद मात्र अगदीच गेलेला नाही. नागपूर विभागातील पदवीधर व शिक्षक विधान परिषदेवर आपला प्रतिनिधी निवडतात, ते कागदावरच. पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे 1 हा अंक, मग इच्छा असल्यास 2, 3 असे अंक, आणि तेही केंद्रावर दिलेल्या लेखणीनेच लिहावयाचे. अंकाऐवजी ‘एक’ असे अक्षरांत लिहिले, किंवा 1 हा अंक दोघांपुढे मांडला, की मत बाद! खाली सही केली तरी तेच. कारण मत कोणाचे ते उघड होते. 2020 साली या पदवीधर मतदारसंघात हजारो मते बाद ठरली. आणि मतदार सारे पदवीधर होते बरे!

धानाच्या बांधीत राबणारी आजी चिन्ह नीट न्याहाळून कळ दाबते आणि काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठीही निरखून पाहते. इकडे एखादा पदवीधर सूचना न वाचताच लेखणी उचलतो. नागभीड जंक्शनवर गोंदियाला जाणारा मनुष्य पाटी न वाचता बल्लारशाहच्या गाडीत बसला, तर त्याची पदवी त्याला गोंदियास कशी पोहोचवणार?

नियम फार कडक आहेत, असे काही जण म्हणतात. परंतु मोजणाऱ्याने मतदाराच्या मनातले ओळखू लागावे, हे अधिक धोक्याचे नाही का? शिवाय नियमांत सवलतही आहे. नकळत पत्रिका खराब झाली, तर पेटीत टाकण्यापूर्वी ती केंद्राध्यक्षांना परत करावी. त्यांची खात्री पटल्यास दुसरी मिळते. पण लाजेपायी कित्येक जण ती तशीच घडी घालून पेटीत सोडतात.