टॅबलेट रेघ काढत नाही

आमच्या भोपाळच्या साकेत नगरातल्या मराठी घरात मुलीनं ग्राफिक्स टॅबलेट मागितला की ठरलेलं उत्तर येतं : "ती काय चित्रकला? सगळं कॉम्प्युटरच काढतो!" असं म्हणणाऱ्यांत नुसते आईवडील नसतात, चित्रकलेचे शिक्षकही असतात. म्हणून या म्हणण्याचा समाचार घ्यायला हवा.

टॅबलेटच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. पेनाचं टोक कुठे आहे, किती दाबलंय, चांगल्या टॅबलेटवर किती कललंय, एवढंच ती कॉम्प्युटरला कळवते. हल्लीचे बरेच टॅबलेट दाबाच्या ८१९२ पायऱ्या मोजतात. दाब कुठे वाढवायचा हे मात्र हातालाच ठाऊक असावं लागतं. ज्याची रेघ कच्ची, त्याची ती सगळ्या पायऱ्यांनिशी कच्चीच उमटते. त्यात स्वस्तातल्या टॅबलेटला पडदा नसतो : हात टेबलावर, नजर समोरच्या स्क्रीनवर. कागदावर मुरलेल्या माणसाचीही आधी फजिती होते.

दुसरा आक्षेप स्पर्शाचा. कागद नाही, रंगाचा वास नाही, मग कसली कला? हा आक्षेप निदान भोपाळकरांनी तरी घेऊ नये. भारत भवन हे कलाकेंद्र १९८२ साली याच शहरात उघडलं. तिथले चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांना भोपाळला आणलं. गावच्या मातीच्या भिंतीवरची त्यांची चित्रं कागदावर आली, पोस्टर कलरमध्ये आली. भिंत सुटली, हात सुटला नाही. आज 'जनगढ कलम' हे एका शैलीचं नाव आहे. भिल्ल चित्रकार भुरीबाई तर भारत भवनाच्याच बांधकामावर मजुरी करत होत्या. गावी पानं-दगड वाटून रंग करणाऱ्या या बाईंच्या हाती तयार रंग आणि कागद आला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाटलीतल्या रंगानं त्यांचं भिल्लपण पुसलं, असं म्हणायला कोणी धजेल का?

टॅबलेटवरच्या चित्राला मूळ प्रत नसते, हे खरं. पण लिथोग्राफ, एचिंग यांनाही एकच एक मूळ प्रत नसते, आणि भारत भवनात त्यांची कार्यशाळा मानानं चालते. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली निघाला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आजीआजोबांनी देवघरात लावल्या. तेव्हा मूळ प्रतीची चौकशी कोणी केली नव्हती.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, तो 'अनडू'चा. चुकलेली रेघ क्षणात पुसता येते, म्हणून मुलं ती चाळीसदा काढतात आणि एकदाही ठामपणे काढत नाहीत. शिक्षकांनी खरं तर इथे लक्ष घालावं : आठवड्यातून एक चित्र अनडू बंद ठेवून काढून घ्यावं. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा छापल्यावर मलूल होतो, तेही आधीच दाखवावं. दोन ओळी टाइप करून यंत्राकडून चित्र काढून घेणं हा वेगळाच मामला आहे. त्याचा राग टॅबलेटवर काढू नये.

शिवाय टॅबलेटवर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही टर्पेंटाइनच्या वासाशिवाय रात्री अकराला रंगवता येतं. क्रितासारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एकदा टॅबलेट घेतला की रंगांचा खर्च उरत नाही. ज्या घरात तैलरंगाची पेटी परवडत नाही, तिथल्या मुलीला हा हिशेब पटकन कळतो.

तरीही कोणाला हा खेळच वाटत असेल, तर त्यांनी पाच मिनिटं ते पेन हातात धरावं आणि समोरच्या माणसाचा एक कान काढून दाखवावा. वाद त्यानंतर घालू.