घसारा वहीत, ट्रॅक्टर अंगणात

न्यू जर्सीत मुलगा गवत कापायच्या जुन्या ट्रॅक्टरला पुढे पातं लावून दारातला बर्फ सारतो. ऐन बर्फात तो बंद पडतो. सून म्हणते, विकून टाका. मी बी.कॉम., म्हणून सांगते, घसारा लावून वहीत किंमत शून्याजवळ आली तरी यंत्र निकामी होत नाही. टाकीत महिनोन्‌महिने राहिलेल्या पेट्रोलनं कार्बोरेटर तुंबतो, थंडीत बॅटरी बसते, एवढंच. आपण जुन्या शहरात कूलरचा पंप होळीलाच बघतो, ४५ अंशांची वाट पाहत नाही. तिकडे हे ऑक्टोबरात करावं. दुरुस्त होणारं फेकून नवं घेणं म्हणजे परिग्रहच.

पण ट्रॅक्टर अडला म्हणून तिकडे गेलेल्या साठीतल्या अहोंनी फावडं उचलू नये. गारठ्यात तो जोर हृदयावर येतो, माणसं जातात. तेव्हा पैसे मोजून माणूस बोलवावा, तिथे काटकसर नको.