दोष कार्बोरेटरचा नव्हता

गेले तीन वीकेंड माझ्या नखांमधलं काळं निघत नाहीये. सोमवारी कॉलवर कॅमेरा सुरू केला की दोन्ही हात टेबलाखाली. कारण एकच, बाबांची प्रीमियर पद्मिनी. १९८६ चं मॉडेल, गिअर स्टिअरिंगपाशी, चॉकची दांडी डॅशबोर्डला. आमच्याकडे माझ्याइतकाच मान तिला होता, खरं तर थोडा जास्तच :-)

दीड वर्षापासून ती रुसली होती. पिकअप नाही, इंजिन तापतं, सिग्नलला उभी केली की फुस्स. पीयूसीला नापास झाली. तिच्या काळातल्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, आणि पावतीवर आकडा ४.६. दोन गॅरेजं झाली. कार्बोरेटर तीनदा खोलला, दोन किट टाकली. तिसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला की अख्खा कार्बोरेटरच नवा टाका. मग एका भंगारवाल्याने भाव सांगितला आणि बाबा चक्क "बघू" म्हणाले. एके काळी असा भाव सांगणाऱ्याला त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नसतं. त्यांचं ते "बघू" फोनवर ऐकलं आणि मी शनिवारी सकाळी पुण्याहून ठाण्याला निघालो.

तर मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या इंजिनाच्या ट्यूनिंगमध्ये निम्मं नुकसान चुकीच्या क्रमामुळे होतं. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी हात लावायची गोष्ट आहे. आपण सगळ्यात आधी त्यालाच हात लावतो, कारण त्याचा स्क्रू वर दिसतो आणि फिरवला की लगेच आवाज बदलतो. लगेच काहीतरी बदलतंय म्हणजे आपण बरोबर जागी आहोत, हा भ्रम आम्हा प्रोग्रॅमर लोकांच्या चांगल्याच ओळखीचा आहे.

थोडं तंत्र सांगतो, कंटाळू नका. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडल्याबरोबर फटाक्यासारखं फुटत नाही, ते जळत जातं. त्याला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. दाब शिगेला पोचायला हवा तो पिस्टन वरून नुकता खाली वळल्यावर, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पडावी लागते. किती आधी? इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका मिलिसेकंदात ते ५ अंशांहून थोडं कमी फिरतं. ३००० फेऱ्यांना तेच १८ अंश. म्हणून डिलकोच्या (डिस्ट्रिब्युटर म्हटलं तर कुठलाही मिस्त्री वळून बघणार नाही) पोटात छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आणखी आधी पाडतात. ना चिप, ना कोड. पण ती वजनं फक्त फरक सांभाळतात. सुरुवातीचा बिंदू माणसाने लावून द्यायचा असतो, आणि तोच चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

आमच्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. शोध लागला तो बाबांच्या डायरीमुळे. प्रत्येक टाकीची तारीख, किलोमीटर, लिटर ते लिहून ठेवतात. (आम्ही यावर खूप हसलोय. आता नाही हसणार.) अ‍ॅव्हरेज १२ वरून ९ वर आलं होतं, पण एका फटक्यात नाही. प्रत्येक टाकीला थोडं थोडं. जेटमध्ये कचरा अडकला असता तर एका दिवसात गाडी बिघडली असती. इतकं हळूहळू होणारं नुकसान म्हणजे काहीतरी झिजतंय.

डिलकोची टोपी काढली. पॉइंटची गॅप ०.४५ मिलिमीटरच्या आसपास हवी, तिथे फिलर गेजची ०.२० ची पत्तीही शिरेना. पॉइंटला फायबरची एक टाच असते, ती आतल्या कॅमवर घासत असते. टाच झिजली की गॅप कमी होते. गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, आणि पॉइंट उघडण्याच्या क्षणीच ठिणगी पडते. म्हणजे झिजेबरोबर टायमिंग आपोआप मागे सरकत गेलं. ठिणगी उशिरा, म्हणून ताकद कमी आणि उष्णता जास्त. आयडलिंग पडलं, म्हणून कोणीतरी रेसचा स्क्रू वाढवला. तरी गाडी थरथरते, म्हणून मिश्रणात पेट्रोल वाढवलं. मग पीयूसीवर मोनॉक्साइड वाढला आणि सगळ्यांनी एकसुरात निदान केलं, कार्बोरेटर! पावतीवरचा आकडा खोटा नव्हता. पण तो मूळ दोषाचा आकडा नव्हता, आधी केलेल्या दुरुस्तीचा होता.

म्हणून क्रम. आधी टॅपेट, मग पॉइंटची गॅप, मग टायमिंग, मग आयडलिंग आणि अगदी शेवटी मिश्रण. गॅप बदलली की टायमिंग बदलतं, पण टायमिंग बदलल्याने गॅप बदलत नाही. टायमिंग बदललं की आयडलिंग बदलतं, उलट सहसा होत नाही. उलट्या दिशेने गेलात तर प्रत्येक पायरीला मागचं काम पुसलं जातं.

टायमिंग लावायला आम्ही १२ व्होल्टचा एक बल्ब वापरला. एक वायर कॉइलच्या डिलकोकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. प्लग काढले, गाडी टॉप गिअरला टाकून मी मागून इंच इंच ढकलली आणि बाबांनी पुलीची खूण जुळल्यावर ओरडून थांबवलं. मग इग्निशन ऑन करून डिलको सैल केला आणि हळूच फिरवला. ज्या क्षणी बल्ब पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडतात. तिथे आवळायचं. खर्च म्हणाल तर एक पॉइंट सेट आणि दोन चहा.

यावर जुने लोक म्हणतील, आमच्या मिस्त्रीला बल्ब लागत नसे, कान पुरे. त्या कानांबद्दल मला आदर आहे. पण आयडलिंग ठिणगी पुढे घेतल्यानेही वाढतं आणि रेसचा स्क्रू फिरवल्यानेही. कान फरक सांगतो, कारण सांगत नाही. कानाची पाळी शेवटी: मिश्रणाचा स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत आत, मग सगळ्यात गुळगुळीत चालेल तिथपर्यंत बाहेर.

नवे लोक म्हणतील, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव. जरूर बसवा, पॉइंट झिजायची कटकट संपेल. पण डिलको चुकीच्या जागी आवळलेला असेल तर ती ठिणगीसुद्धा उशिराच पडणार, फक्त अगदी अचूक उशिरा.

आणि पुस्तकातला आकडाही देववाणी नाही. पेट्रोल जळायला वजनात सुमारे १४.७ पट हवा लागते, हे प्रमाण शुद्ध पेट्रोलचं. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि त्याला साडेतेरा पटच लागते. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. आमच्या कार्बोरेटरचा जेट म्हणजे एक भोक. त्याच्या जीवावर मिश्रण आपोआप पातळ होतं. रबरी नळ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. म्हणजे आता मिश्रण थोडं वाढवणं खरंच गरजेचं असू शकतं, पण ते टायमिंग बरोबर असल्याची खात्री झाल्यावरच कळेल. मग चढावर न्यायची. पूर्ण रेसला खडखड टिकून राहिली तर डिलको केसभर मागे.

हे सगळं का लिहिलं? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. त्या टॅक्सींच्या जोरावर या इंजिनाच्या खोड्या ओळखणारे मिस्त्री गल्लोगल्ली टिकून होते. आता ते कमी होत जाणार. घरात उभ्या असलेल्या गाड्या टिकतील की "बघू" होतील हे आपण स्वतः काय शिकतो त्यावर आहे. आणि शिकण्याजोगं फार नाहीये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती योग्य क्रमाने, आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं.

पीयूसी पास झाली, आकडा १.९. पुढच्या टाकीला अ‍ॅव्हरेज ११ च्या थोडं वर. भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा बाबा डायरीत पट्टीने एक नवा रकाना आखत होते. वर लिहिलं होतं, "गॅप". फोन मलाच घ्यायला सांगितला.

असो. हात धुतो. उद्या सोमवार.