‘सरेंडर’ कोणी केले?



‘लोहपथगामिनी’ म्हटले की सारी गँग हसते. हसावेच. बोजड भाषेला आपल्या लोकांनी नावेही झकास ठेवली आहेत: शब्दबंबाळ, गौडबंगाल, विदर्भातला जांगडगुत्ता. पण ‘लोहपथगामिनी’ने कोणाची भाकरी गेली नाही. भाकरी जाते ती दुसऱ्याच शब्दांनी.

रेल्वेत पद रद्द झाले की कागदावर ‘सरेंडर’ लिहितात. सरेंडर म्हणजे शरण जाणे. कोण कोणाला शरण गेले? दहा जणांचे काम सहा जणांवर टाकले की त्याचे नाव ‘राइटसायझिंग’! २०२१ साली ‘मॉनेटायझेशन पाइपलाइन’ जाहीर झाली. तीत रेल्वेची मालमत्ता दीड लाख कोटी रुपयांवर धरलेली. आमच्या एका कीमनला वाटले, क्वार्टर्सना पाणी येणार! टपालातला ‘ईडी’ २००१ च्या नियमांत ‘ग्रामीण डाक सेवक’ झाला. सेवक झाला, खात्याचा कायम नोकर मात्र झाला नाही. गँगमनचा ट्रॅकमन, ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर झाला. घण तेवढ्याच वजनाचा.

आणि आपण पुढारी? सभेत ‘जेसीएम’, ‘पीएनएम’, ‘कॅडर रिस्ट्रक्चरिंग’ फेकत राहतो. मागचे लोक टाळ्या वाजवून चहा पिऊन जातात. हेही गौडबंगालच, मीही ते केले आहे.

प्रत्येक शाखेने आलेले सर्क्युलर साध्या मराठीत फलकावर लावावे: किती पदे गेली, कोणत्या गँगमधून, कोणत्या तारखेपासून. न कळलेल्या कागदावर सही करू नका. साहेब घाई करू लागला तर आधी शाखा सचिवाला बोलवा.