गॅस किटचा कॉम्प्युटर आणि तपासणीचे सॉकेट



भाताची झोडणी उरकली की शहापूर-मुरबाडच्या ओलिताच्या पट्ट्यात भेंडी-काकडी सुरू होते आणि आसनगावच्या बाजूने माल भरलेल्या लहान गाड्या कल्याण-वाशीच्या मार्केटकडे निघतात. यांपैकी पेट्रोलच्या बऱ्याच गाड्यांना मालकांनी मागाहून गॅस किट बसवून घेतले आहे. अशी गाडी वाटेत धक्के खाऊ लागते, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि मागे पोत्यांतली भेंडी तापून काळी पडते. म्हणून आज खत-औषधाऐवजी वायरिंगचा विषय घेतला आहे. माल वेळेवर पोचणे हीदेखील शेतीच आहे.

किट बसवल्यावर गाडीत दोन कॉम्प्युटर होतात. पेट्रोल किती सोडायचे हे गाडीचा मूळ कॉम्प्युटर ठरवतो. किटचा कॉम्प्युटर तोच हुकूम ऐकून त्या मापाने गॅस सोडतो. स्टिअरिंगखाली १६ छिद्रांचे तपासणीचे सॉकेट असते, ते मूळ कॉम्प्युटरचे. किटच्या तपासणीचा प्लग बहुधा वेगळा, बॉनेटखाली असतो आणि त्याला त्या कंपनीचीच केबल लागते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र लावून ‘पी ०१७१’ हा आकडा आला, तर त्याचा अर्थ इंजिनाला इंधन कमी पडते आहे, एवढाच. ते गॅसचा फिल्टर तुंबल्यामुळे की किटची मांडणी चुकल्यामुळे, हे मूळ कॉम्प्युटर सांगू शकत नाही. गाडी पेट्रोलवर चालवून पाहावी. पेट्रोलवर नीट चालली तर आधी किट तपासायचे. हे न करता ऑक्सिजन सेन्सर बदलायला लावणारे मिस्त्री भेटतात, त्यांच्यापासून जपा.

काही किटच्या वायरी स्टिअरिंगखालच्या सॉकेटलाही जोडतात, म्हणजे किटला मूळ कॉम्प्युटरचे म्हणणे कळते. घोळ बहुतेक इथेच होतो. सॉकेटची रुंद बाजू वर धरून समोरून पाहिले, तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६. वायरी मात्र मागून जोडायच्या असतात आणि मागून तोच क्रम उलटा दिसतो! छिद्र १६ मध्ये बॅटरीचा कायमचा प्लस फ्यूजमधून येतो. ४ आणि ५ हे अर्थ. ६ आणि १४ या बोलण्याच्या दोन वायरी, एकमेकींना पीळ दिलेल्या. तो पीळ आजूबाजूचा विजेचा गोंगाट टाळण्यासाठी असतो, तेव्हा जोड देताना तो लांबवर उलगडू नये. जुन्या काही गाड्यांत बोलणे ७ नंबरच्या एकाच वायरीवर चालते. ६ किंवा १४ वर चुकून १२ व्होल्ट गेले तर महागाचा कॉम्प्युटर जळू शकतो.

म्हणून यंत्र लावण्याआधी मल्टीमीटर लावा. १६ आणि ४ मध्ये बॅटरीइतके व्होल्ट दिसले पाहिजेत. मग बॅटरीची वायर काढून ६ आणि १४ मधला ओहम पाहा. बहुतेक गाड्यांत तो ६० च्या आसपास येतो, कारण लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आला तर एक टोक तुटले आहे. ४० आला तर मागाहून लावलेल्या एखाद्या यंत्राने तिसरा रेझिस्टर घातला आहे. वायर सोलून नुसती पिळू नये. डाख देऊन वर नळी चढवावी. पावसाळ्यात आपल्याकडची हवा उघडा जोड लवकर हिरवा करते.

शर्यतीच्या गाड्यांत मूळ कॉम्प्युटर काढून पूर्ण दुसराच बसवतात. तिथे सॉकेट नव्याने जोडावे लागते, आणि वायरी बरोबर जोडूनही यंत्र गप्प राहू शकते. कारण तपासणीच्या ठरलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायचे कसब त्या कॉम्प्युटरमध्येच असावे लागते. किटच्या कॉम्प्युटरचेही तसेच. त्याच्या वायरी १६ छिद्रांच्या सॉकेटला नेल्या म्हणून कुठलेही यंत्र त्याचे दोष वाचू शकत नाही. किट विकत घेतानाच विचारा, याची केबल आणि प्रोग्रॅम शहापूर किंवा कल्याणला कोणाकडे आहे.

कोणत्या रंगाची वायर कुठे जोडली, हे बसवणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद टाकीच्या तपासणीच्या दाखल्याबरोबर गाडीतच ठेवा. टाकीची तपासणी दर ३ वर्षांनी करावी लागते आणि किटची नोंद आर. सी. वर असावी लागते.

पुढील अंकी : भेंडीवरील केवडा रोग.