कुंडी माझी, जिना सगळ्यांचा



दोन वर्षांमागची गोष्ट. ऐन श्रावणात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'जिना, बोळ व गॅलरी येथील सर्व कुंड्या आठ दिवसांत हलवाव्यात. अन्यथा सोसायटी त्या उचलून टाकील.' खाली सेक्रेटरींची सही आणि शिक्का.

झालं! दुपारची झाकपाक उरकून आम्ही साऱ्याजणी जिन्यात जमलो. "यांच्या डोळ्यांत खुपतंय काय आमचं हिरवं?" सर्वांत मोठा आवाज माझा. कारण जिन्याच्या वळणावर माझ्याच नऊ कुंड्या होत्या. कढीपत्ता, गवती चहा, ओवा, मोगरा... शाळेतून दमून आलं, की त्यांच्याकडे पाहूनच शीण उतरायचा.

चार दिवसांनी तळमजल्यावरच्या आजींना भेटायला गेले. जिन्यात पडून त्यांचं मनगट मोडलं होतं, आणि माझं जायचं राहूनच गेलं होतं. "कठड्याला धरून चढायची सवय गं मला," त्या म्हणाल्या. "तिथं कुंड्या होत्या, म्हणून हात सोडला. पायरीवर पाणी होतं." कुंड्या कुणाच्या, ते त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. मोगऱ्याला रोज सकाळी पाणी मीच घालत होते. ती सूचनाही आजी पडल्या म्हणूनच निघाली होती. फक्त कारण फळ्यावर लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं, तर मी जिन्यात तोंड उघडलं नसतं.

त्याच संध्याकाळी जिना मोकळा केला.

चूक माझी, हे शंभर टक्के खरं. तरी 'सगळ्या कुंड्या हलवा' हे काही मला पटेना. जिना सगळ्यांचा, तिथं सामान नको. कठड्यावर तर कुंडी कधीच नको. तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे साधारण नऊ मीटरवरून सुटलेली कुंडी खाली पोचते, तेव्हा तिचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असतो. पण आपल्या गॅलरीत, जमिनीवर, ताटलीत ठेवलेल्या तुळशीनं कुणाचं काय बिघडतं?

हेच सांगायला मी सप्टेंबरच्या वार्षिक सभेला गेले. 'हे' फिरतीवर होते. सेक्रेटरी अगदी नम्रपणे म्हणाले, "वहिनी, बसा ना. पण ब्लॉक साहेबांच्या नावावर आहे, तुम्हाला मत देता येणार नाही." गच्चीवर सतरंजीवर पंधरा पुरुष आणि आम्ही दोघी. पाच मिनिटांत नियम मंजूर झाला आणि चहा आला.

शाळेत मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवते, आणि माझ्याच इमारतीचा कारभार मला ठाऊक नव्हता! मग उपविधींचं पुस्तक आणून वाचलं. तुम्हीही वाचा. आपल्या महाराष्ट्रात वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिची सूचना विषयपत्रिकेसह १४ दिवस आधी द्यावी लागते. समितीत दोन जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. आमच्याकडे त्या वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या! आणि मुख्य म्हणजे घर नवऱ्याच्या नावावर असलं, तरी त्याच्या लेखी संमतीनं बायकोला सहयोगी सभासद होता येतं. तो सभेला नसेल, तेव्हा त्याच्या जागी बसून मत देता येतं.

यांनी सही करताना हसून विचारलं, "एवढं कशाला? मी सांगितलं असतं ना सभेत." मी म्हटलं, "तुम्ही फिरतीवर असता. कुंड्यांना पाणी मी घालते."

पुढच्या वर्षी आम्ही सहाजणी सभेत होतो. नियम बदलला: जिन्यात आणि कठड्यावर एकही कुंडी नाही. गॅलरीत जमिनीवर चालेल, पण खाली ताटली हवी आणि खालच्या मजल्यावर पाणी ठिबकता कामा नये. नोटिशीत कारण लिहायचं, हेही ठरलं. सगळं गोड झालं म्हणाल, तर नाही. जिन्यातली कोरफड कुणीतरी उचलली, म्हणून एक शेजारीण अजून माझ्याशी बोलत नाही.

आता थोडं कुंड्यांचं. ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून ताटली घासायचीच. नुसती रिकामी करून भागत नाही; डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. मातीत कोकोपीट मिसळा, कुंडी हलकी होते आणि ओलही टिकते.

आजींच्या मनगटात अजून थंडीत कळ येते. मी कढीपत्ता नेऊन देते, त्या घेतातही. तेवढ्यानं फिटत नाही, हे मला ठाऊक आहे.

तुम्ही एक करा. आज दुपारी कपाटातलं सोसायटीचं भागपत्र काढा आणि त्यावर कुणाकुणाचं नाव आहे, ते बघा. आपलं नसेल, तर सप्टेंबरच्या आत अर्ज द्या.